चिकटवलेला हात

रविवारी रुळांची कामं निघतात,
म्हणून हेरफर्डच्या पुढे गाडीऐवजी बस,
आणि ड्रायव्हर नवखा, रस्ता त्याला मीच सांगत होतो:
डावीकडे ती झाडांची सरळ रांग दिसते ना,
ती जुनी लाइन. साठ वर्षांपूर्वी उखडलेली.
तिच्या कडेकडेनं चला.

मी क्लबतर्फे निघालो होतो, भाव करायला.
माणूस गेला की मागे उरतात डबे, इंजिनं,
ट्रान्सफॉर्मर, अर्धवट रंगवलेल्या मेंढ्या
आणि एक बाई, जिला माळा रिकामा हवा असतो.
मी सरावलो आहे याला.
सांत्वनाची दोन वाक्यं, मग भिंग बाहेर.

ग्वेनडा ट्रेहर्न यांनी शिडी धरली.
वर, छपराच्या उतारात, मान वाकवून बघावं असं
कूम ॲबट स्टेशन. एकास शहात्तर.
ऑस्विन तिथल्याच केबिनमध्ये लिव्हर ओढायचा,
लाइन बंद होईपर्यंत.
दुधाचे कॅन तांदळाच्या दाण्याएवढे.
गोदामाच्या दाराशी कुणी विसरलेला सायकलचा पंप.
घड्याळात चार वाजून दहा.
चुका शोधणं हा माझा स्वभावच:
डब्यांचा किरमिजी एक छटा उजळ.
बाकी, खरं सांगतो, नाव ठेवायला जागा मिळेना.

वीज सोडली. पॅनिअर इंजिन, मागे दोन डबे,
अलगद आली, फलाटाशी थांबली.
पुढचा सिग्नल पाडायला कळ ओढली.
आडवाच.
बाकीचे सगळे पडत होते, हाच तेवढा नाही.
भिंगातून दिसला खिळीवर गोंदाचा पिवळा थेंब.
सांडलेला नव्हे, ठेवलेला.
असल्या हाताचा माणूस थेंब सांडत नाही.

"हा बिघडलाय का?" मी विचारलं.
त्या शिडीवरूनच म्हणाल्या,
"फलाटावर निळ्या कोटातली मुलगी आहे?"
होती. बॅगेपाशी. करंगळीच्या नखाहून जरा उंच.
"चार दहाच्या गाडीनं मी ब्रिस्टलला गेले, नर्सिंगला.
सिग्नल त्यानंच पाडला. ड्यूटी त्याची.
वाटलं होतं, जरा तरी उशीर करील.
वेळेवर पाडला. मिनिटाचा फरक नाही."
मग बऱ्याच वेळानं:
"कोट हिरवा होता."

मी वहीत लिहिलं: सिग्नल एक, नादुरुस्त.
मग खोडलं.

"सुटेल का तो?"
सुटतो. थिनर, बारीक पातं आणि धीर लागतो.
पाऊण तास गेला. चहा आला, निवला.
शेवटी हात सुटला
आणि टिचकी वाजावी एवढासा आवाज करून पडला.
बटण त्यांनी फिरवलं.
गाडी निघाली, पुलाखालून गेली,
हार्डबोर्डच्या डोंगरात शिरली
आणि अर्थात, गोल रुळांवर दुसरं काय होणार,
मागच्या बाजूनं परत आली.
मी ओशाळून म्हणालो, लूप आहे.
"मीही आलेच की," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांनी. बसनं.
रूळ तोवर काढून नेलेले.
हा थांब्यावर छत्री घेऊन उभा,
आणि पाऊस कुठेच नव्हता."

मुलगी अजून फलाटावरच होती.
तिच्या पायांखालीही गोंदच.

आकडा मी सांगितला, त्यांनी मान हलवली,
तो ऐकला की नाही, कोण जाणे.
माझ्या बसची वेळ झाली होती.
तरी जिन्यात थांबून मी विचारलंच,
कोणता हिरवा?
कारण हिरवे माझ्याकडे अकरा आहेत.
त्या कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या,
आणि डोळे मिटून
कितीतरी वेळ शोधत होत्या.